पंचवीस हिरव्या चकत्या

१

"मळलेल्याच बऱ्या आहेत त्या. कुणी सांगितलंय त्यांना अंघोळ घालायला?"

रंगाच्या दुकानातल्या काकूंनी हे कुणालाही उद्देशून म्हटलं नव्हतं. हातातल्या डब्याच्या झाकणाकडे बघून त्या पुटपुटल्या होत्या. पण घासूमावशी त्यांच्या अगदी कोपराशी उभी होती, त्यामुळे झाकणाच्या आधी तिलाच ऐकू आलं.

घासूमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जुन्या, मळलेल्या वस्तू धक्का न लावता स्वच्छ करून देणं हा तिचा धंदा. पियानोच्या पट्ट्या, बाहुल्यांचे चेहरे, कुणाच्या तरी पणजोबांची दुर्बीण. शिकवलं कुणी नव्हतं. आधी स्वतःच्या घरातल्या वस्तूंची वाट लावली आणि मग दुसऱ्यांच्या वाचवायला शिकली. गल्लीतल्या पोरांनी नाव ठेवलं, ते तिने सरळ पाटीवर लिहून टाकलं.

"मावशी, या बघा." काकूंच्या थोरल्या मुलाने काउंटरवर लाकडी पेटी उघडली. "बाबांच्या पोकरच्या चकत्या."

आत शंभर चकत्या उभ्या रांगांत बसल्या होत्या. पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी मांडतात त्या. पण भाजलेल्या मातीसारख्या जड, खरबरीत, मधोमध सोनेरी ठसा. पांढऱ्या, निळ्या, लाल, हिरव्या, प्रत्येकी पंचवीस. तसं म्हणायचं इतकंच, कारण तीस वर्षांच्या बोटांच्या तेलाने सगळ्यांवर एकच तपकिरी साय धरली होती. या घरात पैशाने कधी खेळले नाहीत. हरणाऱ्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या, एवढाच काय तो जुगार.

"रविवारी दुकान नव्याने उघडतोय," थोरला म्हणाला. "इथे काचेची पेटी. तिच्यात बाबांचा ॲप्रन, त्यांची काठी, या चकत्या. वर पाटी, 'रंगांचा जादूगार'. आणि तिकडे रंग जुळवणारं यंत्र. तुकडा दाखवायचा, रंग तयार. आईला आता आराम. बाबांची वही बघून बघून किती दिवस ढवळत बसणार ती?"

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या नजरेची ख्याती मावशीनेही ऐकली होती. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, बाबा तो उजेडात धरून गंभीरपणे मान हलवायचे, "तासाभराने या" म्हणायचे आणि पडद्यामागे जायचे. तासाभराने हुबेहूब तोच रंग मिळायचा. काकू मागे ढवळायला असत.

"एक मी थिनरने पुसून पाहिली," थोरल्याने एक पांढरी चकती दाखवली. तिच्यावरचा सोनेरी ठसा साफ उडाला होता. "मग आईने पेटीच लपवून ठेवली आठवडाभर."

"रंगवाल्याला थिनरशिवाय दुसरं पाणी माहीत नसतं," मावशी म्हणाली आणि पेटी उचलून निघाली.

दारापर्यंत काकू मागोमाग आल्या. हळूच म्हणाल्या, "जमलं नाही म्हणून सांगितलंस तरी चालेल. पैसे मी देते."

मावशीला आजवर न पुसण्याचे पैसे कुणी देऊ केले नव्हते.

२

काम हाती घेण्याआधी मावशीची एक रीत होती. सपाट वस्तू असेल तर ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेऊन थेट काचेवर मांडायची आणि काळी-पांढरी प्रत काढून ठेवायची. म्हणजे नंतर कुणी "हा ओरखडा आधी नव्हता" म्हणालं की कागद पुढे करता येतो. झेरॉक्सवाला आता दातांच्या कवळीलाही दचकत नसे. त्याने चकत्या हाताला येतील तशा मांडून चार कागदांवर प्रती काढून दिल्या.

मग टेबलावर टॉवेल, कोमट पाण्याचं भांडं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि लहान बाळाचा दात घासायचा ब्रश. अशा चकत्या भिजत घालायच्या नसतात, फुगतात, वाकतात. गरम पाणी नको, सोडा नको, खरखरीत घासणी तर अजिबात नको. कडेवरची नक्षी जाते. एकेक चकती घ्यायची, बुडवायची, ठशाला न दुखवता गोल गोल ब्रश फिरवायचा, दहा मोजेपर्यंत बाहेर काढायची, टिपायची, आडवी ठेवायची. शंभर वेळा. या कामात मावशीचं डोकं मोकळं व्हायचं आणि भलत्याच गोष्टींचा विचार करायचं. आज ते काकूंचा विचार करत होतं.

पाणी ओतताना ती नेहमी चहाच्या गाळणीतून ओतायची. एखादा निखळलेला तुकडा वाहून जायला नको. गाळणीत आज तीळभर आकाराचे हिरवट कण अडकले होते. तिने ते कागदावर झटकले, पुडी बांधली आणि ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी चकत्या खडखडीत वाळल्या. आता शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन पुसायचं, म्हणजे फिकटलेला रंग परत वर येतो. पांढऱ्या झाल्या, निळ्या झाल्या, लाल झाल्या. पहिल्या हिरव्या चकतीच्या कडेवरून बोट फिरवताना ते अडकलं.

कडेला खाच होती. बारीक, तिरकी, कानशीने पाडल्यासारखी.

दुसरीलाही होती. तिसरीलाही. मावशीने चष्मा बदलला आणि शंभरच्या शंभर पुन्हा तपासल्या. लाल, निळ्या, पांढऱ्या सगळ्या धडधाकट. हिरव्या पंचवीस, आणि पंचवीसही खाच पडलेल्या.

तेवढ्यात दार वाजलं. "मावशी, झाल्या का?" थोरला आत आला आणि त्याने नेमकी हिरवीच उचलली.

३

"हे काय केलंत?"

"मी नाही केलं."

"तुमच्याकडे आल्या तेव्हा नव्हतं हे!"

"दिसत नव्हतं," मावशी म्हणाली. "बस. खुर्चीवरच्या बाहुलीला बाजूला कर आणि बस."

थोरला चड्डीत होता तेव्हापासून ती त्याला ओळखत होती, म्हणून तो बसला. मावशीने ठसा उडालेली पांढरी चकती घेतली. "ही तुझ्या थिनरने गेलीच आहे, हिच्यावर हात चालवते." बारीक कानस घेऊन तिने कडेला एक खाच पाडली. "बघ. ताजी खाच कशी, कोरडी, भुकटी सुटणारी, कड बोचरी. आता हिरवी बघ. खाच गुळगुळीत झालीय, आतून काळवंडलीय. इतका मळ आत मुरायला वर्षानुवर्षं हात फिरावा लागतो. तुझ्या वडिलांच्या हयातीतलं काम आहे हे."

थोरला बराच वेळ चकती फिरवत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला.

"मग आईने केलं."

"कशावरून?"

"घरात कानस तीच वापरते. डब्यांची झाकणं उघडायला. बाबांच्या खेळाचा राग असणार. आणि पेटी लपवली कशाला? माहीत होतं म्हणूनच ना?" तो उठला. "बरं झालं. मला उगाच वाटत होतं, तिला घरी बसवून चूक तर करत नाही? जी नवऱ्याच्या एकुलत्या एक हौसेच्या वस्तूवर कानस चालवते, तिला दुकानात कशाला ठेवायचं? मशीन येतंय. रविवारपासून ती घरी."

"रविवारला तीन दिवस आहेत. तोवर तिला काही बोलू नकोस. कुणी केलं ते कळेल. कशासाठी केलं ते कळू दे."

"त्याने काय फरक पडतो?"

मावशीलाही ते माहीत नव्हतं. पण रागाने फोडणारा माणूस पंचवीस वेळा सारख्याच मापाची खाच पाडत नाही, आणि चार रंगांतला एकच रंग वेचून तर नाहीच.

४

बाबांच्या डावातले एकटेच गडी मागे उरले होते, खुर्च्यांना गाद्या शिवणारे काका. मावशी गेली तेव्हा ते उलट्या खुर्चीच्या पोटात डोकं घालून बसले होते.

"पत्त्यांत तो ढ होता गं," काका खुर्चीतूनच म्हणाले. "पण चकत्या टाकायची ऐट बघावी! खाली बघायचाच नाही. नजर आमच्या तोंडावर, हात टेबलाखाली आणि अंगठा असा कडेवरून फिरतोय. मग टाकली! आम्हाला धडकीच भरायची."

"पहिल्यापासून असंच?"

"छे! सुरुवातीला नुसता गोंधळ. हिरवी म्हणजे पाच लाल, असा आमचा हिशेब. तर हा लाल म्हणून हिरवी टाकायचा, हिरवी म्हणून लाल. आम्ही खो खो हसायचो. वर्षभर कपबश्या त्याच्याच नशिबी. आणि मग एका रविवारी अचानक सुधारला की!"

"अचानक कसा काय?"

काकांची सुई थांबली. डोकं बाहेर आलं नाही.

"सरावाने," ते खुर्चीला म्हणाले आणि दोरा दातांनी तोडला. "तू चहा घेणार की निघणार?"

हे सरळ सरळ 'निघ' होतं. मावशी निघाली.

बाबांची धाकटी मुलगी वाचनालयात कामाला होती. ती पुस्तकांवर शिक्के मारता मारता बोलली. बाबांची आठवण म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला.

"शाळेत माझा नाच होता. बाबा स्वतः जाऊन रिबिनी घेऊन आले. बघते तर एक लाल, एक हिरवी! मी भोकाड पसरलं. आई लगेच म्हणाली, अगं, गंमत केली बाबांनी. मग बाबापण हसले." तिने शिक्का मारला. "जरा उशिरा हसले."

"उशिरा म्हणजे?"

"म्हणजे..." धाकटीने मावशीकडे पाहिलं. मग न वाजलेला फोन उचलून कानाला लावला. "हं, बोला. हो, वाचनालयच."

परतताना मावशीला गंमत वाटत होती आणि थोडी टोचणीही. दोघंही भरभरून बोलतात, आणि दोघंही एकाच उंबऱ्याशी येऊन पाय मागे घेतात. त्या उंबऱ्यापलीकडे असं आहे तरी काय?

५

घरी येऊन तिने झेरॉक्सच्या प्रती काढल्या. खाचा आधी बुजलेल्या होत्या याची खात्री करायची होती, म्हणून भिंग घेऊन हिरव्या चकत्या शोधू लागली.

सापडेनात.

पांढऱ्या स्पष्ट होत्या. निळ्या जवळजवळ काळ्या. बाकीच्या पन्नास मात्र सगळ्या सारख्याच करड्या. यातल्या लाल कुठल्या आणि हिरव्या कुठल्या? मावशीने कागद जवळ धरला, लांब धरला, खिडकीत नेला. मग कागद तसाच हातात ठेवून ती खाली बसली.

यंत्राला लाल आणि हिरवा सारखाच दिसला होता.

पांढरीला खूण नको, ती ओळखू येते. निळीलाही नको. खूण फक्त हिरवीला हवी, कारण तिचा घोळ फक्त लालशी होतो. ज्याला हा घोळ होतो त्याने अंगठा कडेवर फिरवायचा, खाच लागली तर हिरवी, नाही लागली तर लाल. लाल म्हणून हिरवी रिबीन आणायची, आणि गंमत म्हणून हसायला सांगितलं की मग हसायचं. जरा उशिरा.

पण हे तर अर्धंच कोडं होतं. खाचा बुजवल्या कुणी?

तिने गाळणीतल्या कणांची पुडी सोडली आणि भिंग लावलं. रंगाच्या दुकानात मिळते तशी, भेगा बुजवायला पाण्यात कालवायची पुट्टी होती ती, रंग मिसळलेली. प्रत्येक कणाची एक बाजू स्वच्छ, दुसरीला काळा मळ चिकटलेला. म्हणजे पुट्टी मळावर बसली होती. खेळ संपल्यानंतर, अंगठा फिरायचा थांबल्यानंतर. बाबा गेल्यानंतर.

आणि तिचा रंग! नुसता हिरवा नव्हे. तीस वर्षं मळलेला, तपकिरी साय धरलेला हिरवा. मावशीने शंभर चकत्या दोन हातांनी हाताळल्या होत्या, तरी तिला जोड दिसली नव्हती. असा रंग जुळवणारी नजर या गावात एकच, असं सगळे म्हणत होते. आणि ती नजर तर दीड वर्षापूर्वी मिटली होती.

६

पडद्यामागे काकू एकट्याच होत्या. मावशीने काही न बोलता पुडी त्यांच्या तळहातावर उघडली.

काकूंनी कण बोटाने सरकवले, उजेडाकडे धरले आणि भान विसरून म्हणाल्या, "पिवळा किंचित जास्त पडला होता. संध्याकाळचा कालवला ना." मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मूठ मिटली.

"वहीत काय आहे, काकू?"

"रोजच्या हवापाण्याच्या नोंदी." काकू स्टुलावर टेकल्या. "ऊन किती, पाऊस किती. गिऱ्हाईकासमोर उघडायला काहीतरी हवंच ना हातात."

मग काकूंना हसू आलं, ते थांबेना, आणि शेवटी त्यांनी डोळे पुसले.

"रोज विचारायचे, सांगून टाकू का गं? मीच नको म्हणायचे. रंगवाल्यालाच रंग कळत नाही म्हटल्यावर कुणी साधा ब्रश तरी नेला असता? मित्रांपुढे त्यांची फजिती व्हायची म्हणून मीच त्या खाचा पाडल्या. याने काचेत ठेवायचं काढलं म्हणून बुजवल्या. आणि त्याला धुवायची बुद्धी झाली!"

"थोरल्याला वाटतंय तुम्ही रागाने केलंत. त्यावरून तुम्हाला घरी बसवणार आहे."

"मग तसंच असू दे. रागाने केलं म्हणून सांग."

"काकू!"

"ते गेलेत. आता त्यांचं हसं करू?" काकूंनी नखांकडे पाहिलं. प्रत्येक नखाच्या कडेला वेगळा रंग होता. "बसेन घरी. खिडकी आहे. तिच्यातून समोरची भिंत दिसते." त्यांनी तोंड वाकडं केलं. "भयंकर रंग आहे तिचा. शपथ घे, तुझ्या तोंडून निघणार नाही."

मावशीने शपथ घेतली, आणि घरी जाईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या.

७

रविवारी सकाळी दुकान आरशासारखं लखलखत होतं. पडदा काढून टाकला होता, मागची खोली उघडी पडली होती. यंत्र उभं होतं, अजून चादरीखाली. काचेच्या पेटीसमोर धाकटी, गादीवाले काका आणि थोरला. काकू मागे, आपल्या जुन्या स्टुलावर, हातात पिशवी घेऊन, निघायच्या तयारीत.

मावशीने पेटी उघडून ठेवली. चकत्या नव्याकोऱ्या असल्यासारख्या झळकत होत्या, आणि हिरव्यांच्या खाचा सगळ्यांना दिसत होत्या.

"खाचा जुन्या आहेत," ती म्हणाली. "वडील खेळत होते तेव्हाच्या. त्यांना माहीत असलेल्या. त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेल्या. म्हणजे त्यांच्याविरुद्ध कुणी केलेलं हे काम नाही. आणि त्या अलीकडे कुणीतरी पुट्टीने बुजवल्या होत्या, इतक्या बेमालूम, की मलाही कळलं नाही. धुण्यात ती निघाली. यापुढचं मी बोलणार नाही."

"का?" थोरल्याने विचारलं.

"ते बोलायला मी घरची नाही."

काका छताकडे बघू लागले. धाकटीने पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधू लागली. कुणी कुणाकडे बघेना.

"मी केलं," काकू मागून म्हणाल्या. "रागाने. झालं? चला, मला सोडा घरी."

"आई, कसला राग?" धाकटी पर्समध्ये बघूनच म्हणाली.

"होता कसलातरी. एवढ्या जुन्या गोष्टी लक्षात राहतात होय?"

तेवढ्यात एक बाई घाईघाईने आत शिरली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेली लाकडाची ढलपी होती. "उघडं आहे ना दुकान? याच्यासारखा हवा हो. अर्धी खिडकी रंगवून झालीय आणि डबा संपला."

थोरल्याने ढलपी घेतली, उजेडात धरली आणि गंभीरपणे मान हलवली. अगदी वडिलांसारखी. "तासाभराने या," तो म्हणाला. आणि मग त्याचा हात ढलपीसकट मागे गेला. न बघता, डाव्या खांद्यावरून, जिथे पडदा असायचा तिकडे.

काकूंचा हात आधीच तिथे होता. ढलपी डोळ्यांजवळ गेली. "वरवर हिरवा दिसतोय, पण तळाला तांबडा आहे. आधी तांबडा मारलेला दिसतोय, तो हिरव्यातून डोकावतोय. चिमूटभर..." त्या थांबल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

चादरीखालच्या यंत्राकडे कुणाची नजरही वळली नव्हती. थोरल्याचा हात अजून तसाच खांद्यावर होता, रिकामा. त्याने तो हळूहळू खाली घेतला आणि हाताकडे असं पाहिलं, जणू तो त्याच्या परवानगीशिवाय काहीतरी बोलून गेला होता.

"मी सात वर्षांचा होतो," तो म्हणाला. "डब्यांच्या मागे लपलो होतो. बाबा तुला विचारत होते, यातला लाल कुठला गं? मला वाटलं, कोडं घालतायत."

"नको रे," काकू म्हणाल्या. "गिऱ्हाईक आहे."

थोरला वळला. काकांकडे, बहिणीकडे, दारातल्या बाईकडे बघत, प्रत्येकाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "बाबांना लाल-हिरवा कळायचा नाही. या दुकानातला प्रत्येक रंग आईने काढलाय."